तुझ्याहून पवित्र

इंग्रजीत ‘होलिअर-दॅन-दाऊ’ असे एक जोडविशेषण आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘तुझ्याहून पवित्र’. परंतु ते स्तुतीसाठी कोणी वापरीत नाही. सोवळेपणाचा तोरा मिरविणाऱ्यासाठी ते योजिले जाते. त्याचे मूळ १६११ सालच्या इंग्रजी बायबलात, यशयाच्या ग्रंथातील पासष्टाव्या अध्यायात आहे. इतरांना दूर राहण्यास बजावणारे तेथील लोक स्वतः मात्र कबरींमध्ये बसतात, निषिद्ध मांस खातात. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात त्याच जागी समोरच्याला अशुद्ध म्हटले आहे. एका पाठात ‘मी’ थोर, दुसऱ्यात ‘तू’ हीन! आम्हांस वाटते, या एकाच वृत्तीच्या दोन बाजू होत.

लूकच्या शुभवर्तमानातील परूशी उपास करतो, दशमांश देतो. त्यात वाईट काहीच नाही. परंतु दूर उभा असलेला जकातदार तुलनेसाठी त्याच्या प्रार्थनेत शिरतो आणि ती प्रार्थना आत्मस्तुती होते.

मात्र हे विशेषण दुधारी आहे. दारू सोडलेल्याला, लाच नाकारणाऱ्याला ‘मोठा साधू लागून गेलास!’ असे हिणविणारेही थोडे नाहीत. मग खरे पावित्र्य आणि सोवळेपणा यांतील भेद ओळखावा कसा? आमच्या मते कसोटी एकच: तो माणूस दुसऱ्याला दूर लोटतो की जवळ बसवतो? जो सर्वांहून पवित्र होता, तो जकातदारांच्या पंक्तीला जेवला.