काकांचा ट्रॅक्टर कोणता?

आमच्या वऱ्हाडात म्हातारा ट्रॅक्टर मरत नाही. तो दुसऱ्या म्हाताऱ्याच्या अंगात शिरतो. महिंद्रांनी १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी सोयरीक केली, तिचंच अपत्य बी-२७५. आमच्या नात्यात असे दोन : अकोल्याला थोरल्या काकांचा, अमरावतीला त्यांच्या पुतण्याचा. काका गेल्यावर दोन्ही एकाच मिस्त्रीकडे उघडले. याचा गिअरबॉक्स त्याला, त्याचा पंप याला. शेवटी इंजिनंही इकडची तिकडे. आता काकांचा ट्रॅक्टर कोणता? मुलगा म्हणतो, "चासी माह्याजवळ हाये." पुतण्या म्हणतो, "आवाज तं माह्याकडे आला ना!"

नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा 'नाही, नाही' म्हणत गेला. पण तिथे रथ एकच होता. दोन रथांची अशी सरमिसळ पाहिली असती, तर भिक्खूही विचारात पडले असते. आरटीओचं तत्त्वज्ञान सोपं : चासीचा नंबर हा आत्मा, बाकी देह. मला ते काही पटत नाही. तो नंबर काकांनी उभ्या जन्मात कधी वाचलाही नसेल.

काकूंनी या वादात एकच विचारलं, "सीट कुठी हाये?"

पत्र्याची ती सीट मिस्त्रीनं किलोच्या भावानं भंगारात घातली होती.