तिकीट कापलेली पाकिटे

१९८०च्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या किंवा डेन्मार्कमधल्या एखाद्या पोराने कमोडोर ६४ या घरगुती संगणकावरच्या नव्या गेमचे कॉपी रोखणारे कुलूप फोडले, की थोड्याच दिवसांत तो गेम निम्म्या युरोपात खेळला जाई. तो पोहोचवत असे टपालखाते. अमेरिकेत स्थानिक फोन स्वस्त, म्हणून तिथली मुले मॉडेमकडे लवकर वळली. युरोपात फोनवर मिनिटामिनिटाचे पैसे पडत. त्यामुळे फ्लॉपी, पुठ्ठा आणि पाकीट यांचा कारभार तिथे नव्वदच्या दशकातही बराच काळ चालू राहिला. ही देवाणघेवाण करणाऱ्यांना स्वॅपर म्हणत. प्रोग्रॅम लिहिणारे मोजके, चित्र आणि संगीत करणारे मोजके, पण स्वॅपर प्रत्येक गटाला लागे, आणि काहींचे संपर्क शंभराच्या घरात असत. शाळेतून आल्यावर डाक फोडायची, फ्लॉप्या कॉपी करायच्या, प्रत्येकाला निदान चार ओळी खरडायच्या आणि दुसऱ्या दिवशी पोस्टाची पेटी गाठायची, असा त्यांचा दिनक्रम.

या व्यवहारातले फ्लॉपीवरचे पुष्कळ काही वाचले आहे. कमोडोर ६४चे क्रॅक (कुलूप फोडलेले गेम) आणि डेमो (कौशल्य दाखवण्यासाठी केलेले चित्र-संगीताचे प्रोग्रॅम) यांची सूची लाखाच्या पुढे गेली आहे. त्यांतले बहुतेक आज कोणत्याही लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये चालते. वाचला नाही तो कागद: पत्रे, फ्लॉपीसाठी हाताने काढून झेरॉक्स केलेली कव्हरे, लोकप्रियतेच्या यादीसाठी भरायचे मतदानाचे तक्ते, मेळाव्यांची निमंत्रणे, झेरॉक्सवर निघणारी मासिके. त्याला कोणी मुद्दाम नष्ट केले असे नाही. घर बदलताना फ्लॉप्यांचा खोका बरोबर गेला आणि पत्रांचा रद्दीत गेला, इतकेच.

हे नुकसान किरकोळ नाही. केवळ प्रोग्रॅमांवरून या मंडळींचा इतिहास लिहिला तर तो चुकीचा लिहिला जाईल, असे माझे म्हणणे आहे. गेम सुरू होण्याआधी पडद्यावरून सरकणारा मजकूर हा जाहीर मजकूर होता. त्यात मित्रगटांना सलाम, शत्रुगटांना शिव्या आणि ‘आम्हीच पहिले’ ही घोषणा. तो वाचून वाटते, हे सगळे टोळीयुद्ध होते. पत्र मात्र एकासाठी लिहिलेले असे, आणि त्यातला सूर वेगळा असे. उशीर झाला, माफ कर. परीक्षा होती. कोऱ्या फ्लॉप्या महाग पडतात, तेव्हा माझ्या तेवढ्या परत पाठव. गट सोडतोय, सैन्यातल्या सक्तीच्या सेवेचे बोलावणे आले आहे. पडद्यावर गुर्मी आणि कागदावर आर्जव, दोन्ही एकाच मुलाचे, आणि बहुधा एकाच आठवड्यातले. त्यांतले एकच हाती ठेवून या मुलांच्या स्वभावाचा निवाडा करणे हा धडधडीत अन्याय आहे.

आता त्या पाकिटांकडे बघू. त्यांतल्या अनेकांवर तिकीटच नसते. कोपरा कापलेला असतो. महिन्याला एवढी पाकिटे पाठवायची तर पोराटोरांना टपालखर्च झेपणार कसा? म्हणून तिकिटावर गोंदाचा पातळ हात फिरवायचा. पोस्टाच्या शिक्क्याची शाई गोंदावर बसे, तिकिटावर नाही. मित्राने ते तिकीट कापून ठेवायचे, पाण्यात भिजवून शाई धुवायची आणि पुढच्या पाकिटातून परत धाडायचे. ‘तिकिटे परत पाठव’ ही सूचना या पत्रांत नमस्कारासारखी ठरलेली. टपालखात्याची ही सरळ फसवणूक होती, आणि त्याबद्दल कोणाला फारसा पश्चात्ताप झाल्याचे दिसत नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यातून एक गंमत घडली. पत्राची तारीख आणि गाव सांगणारी सर्वांत खात्रीची खूण म्हणजे पोस्टाचा शिक्का, आणि नेमका तोच कापून किंवा धुऊन टाकलेला. पंधरा वर्षांची मुले पत्रावर तारीख घालतीलच असे नाही. मग तारीख लावायची कशी? पत्रात ‘सोबत पाठवले आहे’ म्हणून जी यादी असते, तिच्यावरून. कोणता डेमो कधी बाहेर पडला हे सूचीत नोंदलेले असते, आणि यादीतला सर्वांत नवा डेमो म्हणजे त्या तारखेच्या आधीचे पत्र नाही. उलट बाजूने, सूचीतली कित्येक वर्षे अंदाजाने घातलेली आहेत. तिथे शिक्का शाबूत राहिलेले एखादे पाकीट प्रोग्रॅमची तारीख दुरुस्त करू शकते. पत्र, पाकीट, आतली यादी आणि फ्लॉपी असा जो जुडगा आला तो तसाच ठेवावा, असा आग्रह मी धरतो तो यासाठी. दुर्दैवाने पाकिटे आधी फेकली जातात, आणि सुंदर कव्हरे वेगळी काढून संग्राहकांना विकली जातात.

दुसरी अडचण पत्रव्यवहाराच्या स्वभावातच आहे. माझ्या खोक्यात तुमची पत्रे असतात, माझी नसतात. एखाद्या नावाजलेल्या स्वॅपरने आपला सगळा संग्रह दिला तरी त्यात त्याचा स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तो पोलंडमधल्या, नॉर्वेमधल्या, हंगेरीमधल्या कोणाच्या तरी माळ्यावर पडलेला असतो. म्हणजे एका मोठ्या खोक्यापेक्षा निरनिराळ्या गावांतले दहा लहान खोके अधिक मोलाचे. वस्तुसंग्रहालयांना मात्र मोठा खोका आणि ओळखीचे नाव आवडते.

फिनलंडने २०२०मध्ये आणि जर्मनीने २०२१मध्ये डेमोसीनला, म्हणजे डेमो करणाऱ्यांच्या या संस्कृतीला, आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतले. आनंदाची गोष्ट. पण अमूर्ताला मान मिळत असताना मूर्त कागद कचऱ्यात जातो आहे, याकडे लक्ष कोण देणार?

काही जुन्या मंडळींनी कागद स्कॅन करायला घेतले आहेत. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण ‘स्कॅन करा आणि सगळ्यांसाठी खुले करा’ या उत्साहाशी माझे भांडण आहे. ही खासगी पत्रे आहेत, अल्पवयीन मुलांनी लिहिलेली, आणि त्यांत बेकायदा कामाची कबुली आहे. भीती काल्पनिक नव्हती. जर्मनीत पोलिसांचे छापे पडत. नाव न सांगता, केवळ कार्डावरच्या क्रमांकावर पोस्टातून डाक घेण्याची जी सोय होती, तिचा स्वॅपरांनी भरपूर उपयोग केला तो उगाच नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला म्युनिकचे वकील ग्युंटर फॉन ग्राफेनरॉइट यांच्याकडून ‘टान्या’सारख्या मुलींच्या नावाने पत्रे जात. मी नवखी आहे, गेमची अदलाबदल करशील का, असा साधा मजकूर. पोराने भाबडेपणाने उत्तर दिले की त्याच्या दारात वकिलाची नोटीस आणि शुल्काचे बिल. ज्यांनी पत्रातल्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवल्याची अशी किंमत मोजली, त्यांची पत्रे पुन्हा त्यांना न विचारता चव्हाट्यावर मांडणे मला पटत नाही.

कायदाही इथे दोन भाग करतो. कागद ज्याला मिळाला त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि युरोपात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो. फ्लॉपीची गोष्ट तर याहून नाजूक. बरीच पत्रे फ्लॉपीवरच लिहिली जात, मागे संगीत लावून. कमोडोरच्या ड्राइव्हवर फाइल पुसली तरी फ्लॉपीवरच्या सूचीतली फक्त तिची नोंद बदलते आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर जागेवरच राहतो. संपूर्ण फ्लॉपीची प्रत जपताना लिहिणाऱ्याने पुसलेले पत्रही आपण जपत असतो, आणि प्रत खुली केली तर तेही खुले होते.

यावर ‘मग नष्टच करा’ म्हणणारेही आहेत. त्यांचा विचार सोपा, आणि म्हणूनच आळशी. जपणे आणि प्रसिद्ध करणे ही दोन कामे आहेत, आणि अभिलेखागारे ती फार पूर्वीपासून वेगळी ठेवत आली आहेत. दात्याशी करार करावा, ठरावीक वर्षे खोका बंद ठेवावा, अभ्यासकाला संस्थेत बसून वाचू द्यावे, नावे उघड न करण्याचे त्याच्याकडून लिहून घ्यावे. कव्हरे, निमंत्रणे, मतदानाचे तक्ते मूळचेच जाहीर. ती पत्ते झाकून आजच दाखवायला हरकत नाही.

कागदाची प्रकृतीही थांबायला तयार नाही. झेरॉक्सची काळी भुकटी पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीला चिकटते आणि पिशवी ओढली की चित्र तिच्याबरोबर येते. सेलोटेप पिवळी पडून कागदाला खाते. झेडएक्स या त्या काळच्या घरगुती प्रिंटरच्या ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या चकाकत्या कागदावर बोटाचा डागही कायमचा बसतो. ज्यांच्याकडे हे आहे ते आता पन्नाशीच्या पुढे आहेत आणि त्यांच्या आईवडिलांची घरे रिकामी होत आहेत. संग्रहालयाने त्यांना पहिला निरोप द्यावा तो एवढाच: निवडू नका, लावू नका, पिशवीत भरू नका; खोका आहे तसा आणा, आणि कोणाचे नाव झाकायचे ते एका कागदावर लिहून वर ठेवा.