मुक्या प्राण्याचा कैवार आणि आपला क्रोध

मुक्या प्राण्यास निर्दयपणे छळणाऱ्या मनुष्यास न्यायालयाने अल्प दंडावर सोडून दिले, अशी वार्ता आली म्हणजे लोकांचा क्रोध किती भडकतो, हे आपण अलीकडे वारंवार पाहतो. हा कसला न्याय, असे जो तो म्हणतो. कोणी न्यायाधीशास दोष देतो. कोणी म्हणतो, त्या मनुष्यासही त्याच रीतीने छळून मारावे. आमच्या खेड्यांतील तरुण हीच चर्चा चावडीवर आणि उपासनेनंतर मंदिराच्या ओट्यावर करितात, व उपदेशकांस विचारतात की, असा राग धरणे योग्य की अयोग्य? प्रश्न लहान नाही. यास्तव त्याचा शांत चित्ताने विचार करू.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, ह्या रागाच्या मुळाशी चांगली गोष्ट आहे. ज्याला वेदना आहे पण वाचा नाही, त्याच्या दुःखाने ज्याचे काळीज हलत नाही, तो मनुष्य शेजाऱ्याच्या दुःखानेही फारसा हलणार नाही. 2016 सालच्या जुलै महिन्यात चेन्नई येथे वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने एक कुत्री उंच गच्चीवरून खाली फेकिली, आणि त्याच्या सोबत्याने त्या कृत्याचे चित्रण केले. कुत्री देवदयेने वाचली; ते दोघे जामिनावर बाहेर आले. पुढे त्यांच्या विद्यापीठाने प्रत्येकास 2 लाख रुपये भरावयास लाविले. परंतु कायदा काय म्हणतो, हे जेव्हा लोकांस कळले तेव्हा त्यांचा संताप दुप्पट झाला.

कारण 1960 सालच्या प्राणिरक्षणाच्या कायद्याने, जनावरास मारणे, उपाशी ठेवणे, त्याच्यावर अतिभार लादणे, अशा पहिल्या अपराधास निदान 10 व फार तर 50 रुपये दंड ठरविला. तीन वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा केल्यास 25 ते 100 रुपये दंड, किंवा तीन महिनेपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 1960 साली 50 रुपये ही गाडीवानाची कित्येक दिवसांची कमाई होती. आज तेवढ्यात एका माणसाचे पोटभर जेवणही होत नाही. 2014 साली सर्वोच्च न्यायालयानेच संसदेस सुचविले की हा दंड वाढवावा. 2022 साली केंद्र सरकारने तसा मसुदा लोकांपुढे ठेविला. तरी 2024 साल संपले तेव्हा जुना आकडा जागचा हलला नव्हता.

आता वाचकांनी विचार करावा: येथे दोष कोणाचा? न्यायाधीशाच्या हाती तराजू आहे, पण मापे त्याची नव्हेत. ती कायद्याने घडवून दिली आहेत. ज्या अपराधास 50 रुपयांची मर्यादा आहे त्यास तो 500 रुपये दंड करू शकत नाही. आणि करू लागला तर ते आपणांस हितकारक होईल काय? आज जमावाच्या आवाजाने दंड वाढविणारा न्यायाधीश उद्या जमावाच्याच आवाजाने एखाद्या निराधार गरिबास तुरुंगात घालील. गावाचा रोष अंगावर आला असता कायद्याच्या मर्यादेशिवाय दुसरा आसरा नसतो, हे आमच्या मंडळ्यांतील वडील माणसांस सांगावयास नको.

पुराव्याचीही गोष्ट तशीच आहे. 2016 सालच्या मार्च महिन्यात डेहराडून येथे एका मोर्चाच्या गर्दीत पोलिसांच्या शक्तिमान नामक घोड्याचा पाय मोडला, व पुढल्या महिन्यात तो मेला. सारा देश हळहळला. तथापि 2021 साली न्यायालयाने आरोपींस पुराव्याअभावी मुक्त केले. निकाल ऐकून रागावणे सोपे आहे. परंतु न्यायालयास लोकांचा राग तोलता येत नाही. साक्ष तोलता येते. साक्षीच्या वेळी मागे सरणारे आणि निकालाच्या वेळी पुढे येणारे लोक ज्या समाजात पुष्कळ असतात, तेथे अपराधी सुटणारच.

शिवाय रागास डोळे नसले म्हणजे तो कोठे जातो, हेही पाहावे. 2020 सालच्या मे महिन्यात केरळात एका गाभण हत्तिणीच्या तोंडात, आमिषात भरलेल्या दारूचा स्फोट झाला, आणि नदीच्या पाण्यात उभी राहून तिने प्राण सोडिला. ही घटना पालक्काड जिल्ह्यातील होती. परंतु ती मलप्पुरम जिल्ह्यातील आहे असे चुकीचे पसरले. आणि त्या जिल्ह्यात मुसलमानांची वस्ती अधिक असल्यामुळे कित्येकांनी त्या सबंध समाजास शिव्याशाप दिले. रानडुकरांसाठी अशी स्फोटक आमिषे शेतांतून ठेवण्याची वाईट चाल आहे. तिचा विचार मागे राहिला, आणि हत्तिणीच्या नावाने मनुष्यद्वेष मात्र वाढला. मुक्या जिवाची दया मनुष्याच्या द्वेषात संपली, तर ती दया नव्हती. द्वेषास सापडलेले एक निमित्त होते.

मग कायद्याचे माप एवढे लहान का राहिले? ह्याचे उत्तर कडू आहे. जुन्या दंडसंहितेत जनावर ठार मारण्याचा किंवा पंगू करण्याचा अपराध जनावराच्या किमतीवरून मोजला जाई: 10 रुपये किमतीचे असल्यास एक शिक्षा, 50 रुपयांचे असल्यास दुसरी. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 325 व्या कलमाने किमतीची अट काढून टाकिली, व कोणत्याही प्राण्यास ठार किंवा पंगू केल्यास पाच वर्षेपर्यंत कैद सांगितली. हे चांगले झाले. तरी तो अपराध अद्याप मालमत्तेच्या प्रकरणातच घातलेला आहे. म्हणजे अपराध धन्याच्या नुकसानीचा. जनावराच्या यातनेचा नव्हे. पण कायदा करणारे लोक आकाशातून पडले नाहीत. म्हातारा बैल बाजारी नेताना आपण काय मोजतो? त्याची बारा वर्षांची चाकरी की त्याचे वजन? जे माप आपल्या गोठ्यात चालते तेच कायद्यात गेले.

मोशेच्या नियमशास्त्रात निराळे माप आहे. तुझा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्याला सोडून जाऊ नको, अशा आशयाची आज्ञा तेथे आहे. गाढव कोणाचे व त्याची किंमत किती, हे तेथे विचारिलेले नाही. ते ओझ्याखाली पडले आहे, एवढेच पुरे.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल. ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे बैलगाड्या घेऊन कारखान्यांकडे जातात. मुकादमाची उचल अंगावर असते, मजुरी टनावर मिळते, म्हणून गाडी वाजवीपेक्षा अधिक भरली जाते. चढावर बैलाचे गुडघे टेकतात, आणि हाकणाऱ्याच्या घरी लेकरे उपाशी असतात. ह्याला जबर दंड केला तर न्याय होईल काय? मी म्हणतो, केवळ त्यालाच केला तर होणार नाही. भाराने बैल वाकतो आणि कर्जाने गाडीवान वाकतो. दोघांच्या पाठीवरून लाभ तिसराच नेतो. म्हणून दंड वाढवावा, पण ज्याच्या लाभासाठी अतिभार लादला जातो त्याच्यापर्यंत तो पोहोचावा. मात्र गरिबी ही अतिभाराचे कारण असू शकेल. चाबकाने डोळा फोडण्याचे, किंवा जखमेवर जू ठेवण्याचे ती कारण नाही. तेथे मनुष्याने आपले मन तपासावे.

राग सत्कर्मी कसा लागतो, ह्याचे उदाहरण इतिहासात आहे. 1822 साली रिचर्ड मार्टिन ह्यांच्या खटपटीने इंग्लंडात गुरांच्या रक्षणाचा कायदा झाला. परंतु नुसत्या कायद्याने काय होणार? म्हणून 1824 साली आर्थर ब्रूम नामक पाळकाने लंडनात काही सज्जन मिळवून एक संस्था काढली. तिच्या कर्जापायी 1826 साली त्याला तुरुंगात जावे लागले. मग लुईस गॉम्पर्ट्झ ह्या यहुदी गृहस्थाने ते काम चालविले. आमच्या मुंबईत 1874 साली अशीच संस्था सर दिनशा माणेकजी पेटिट ह्या पारशी गृहस्थांच्या पुढाकाराने निघाली, व पेटिट घराण्याच्या दातृत्वाने परळ येथे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. ह्या लोकांसही राग आला असेलच. पण त्यांनी त्याला कामास जुंपले.

आपणही तसेच करावे. 1965 सालच्या नियमांप्रमाणे, जेथे उष्णता 37 अंशांवर जाते तेथे दुपारी 12 ते 3 ह्या वेळात जनावर जुंपू नये. दिवसात 9 तासांहून अधिक काम घेऊ नये. आणि टोकदार खिळ्याची काठी वापरू नये. आमच्या किती पराण्यांना अद्याप लोखंडी आर आहे? ती आज उपटून टाकण्यास कोणत्याही न्यायालयाची गरज नाही. आमचे शेजारी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूपहळदीने चोळतात, आणि सणाच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. आपण तो सण पाळीत नाही. पण त्यातील दयेतही मागे राहिलो तर आपल्या विश्वासाची ती शोभा नव्हे.

ज्या भावाने किंवा बहिणीने क्रूर कृत्य डोळ्यांनी पाहिले असेल, त्याने पोलीसपाटलाकडे जाऊन स्पष्ट सांगावे, तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून जखमेचा दाखला घ्यावा, आणि तारीख पडेल तेव्हा न भिता उभे राहावे. मते मागावयास जे येतात त्यांस विचारावे की, 1960 चा दंड वाढविण्याकरिता तुम्ही काय कराल? मुक्यास वाचा नाही. ती आपणांस दिलेली आहे. निकालानंतर ओरडण्यात ती खर्च करावी की निकालापूर्वी साक्ष देण्यात, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.