मऊ आवाजाचा व्यवहारी माणूस

अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की गाणाऱ्याला छदामही मिळत नाही. पैसे जातात ते गाणं लिहिणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला आणि ज्याच्या नावावर त्या गाण्याची नोंद आहे त्या पब्लिशरला. आवाज कितीही थोर असो, रेडिओच्या हिशेबात तो फुकट. अनेक कृष्णवर्णीय गायकांना हा नियम उमगला तेव्हा त्यांची लोकप्रिय गाणी मागे पडली होती आणि त्यांच्या सह्या भलत्याच कागदांवर होऊन बसल्या होत्या. शिकागोच्या कर्टिस मेफील्डला मात्र तो विशी गाठण्याआधीच कळला. एडी थॉमस या मित्राबरोबर त्याने स्वतःची पब्लिशिंग कंपनी काढली. दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून तिचं नाव झालं 'कर्टम'.

मेफील्डबद्दल जे लिहिलं जातं त्यात तो बहुतेकदा संत म्हणून भेटतो. नागरी हक्कांच्या चळवळीचा सौम्य, सद्वर्तनी, उंच पट्टीतला आवाज. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. माझ्या मते त्याचं हिशेबाचं पुस्तक हाही त्याच्या राजकारणाचाच भाग होता. आपल्या लोकांच्या स्वाभिमानाची गाणी लिहायची आणि त्यांची मालकी दुसऱ्याला द्यायची, ही विसंगती त्याला मान्य नव्हती. सोल संगीतातल्या त्याच्या पिढीत सॅम कुकसारख्या मोजक्यांनीच हे इतक्या लवकर ओळखलं होतं.

तो जन्मला ३ जून १९४२ रोजी. दक्षिणेकडच्या शेतांतून आणि तिथल्या वंशभेदातून सुटून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं उत्तरेच्या शहरांत आली, त्यांच्या वस्त्यांतलं हे बालपण. वडील लवकर घर सोडून गेले. आईने मुलांना गरिबीत वाढवलं. पुढे कुटुंब शिकागोच्या 'कॅब्रिनी' या सरकारी वसाहतीत राहायला आलं. आजी अॅनी बेल एका छोट्या चर्चमध्ये प्रवचन करायची, आणि तिथल्या गाण्यावरच नातवाचा कान तयार झाला. चर्चच्या गायनामुळेच त्याला जेरी बटलर भेटला. सोल संगीत म्हणजे तरी काय, तर गॉस्पेलचा श्वास आणि आर्जव घेऊन देवळाबाहेर पडलेलं गाणं. मेफील्डच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे.

गिटार तो आपला आपण शिकला. घरात पियानोशी ओळख झालेली होती, म्हणून त्याने गिटारच्या तारा पियानोच्या काळ्या पट्ट्यांशी जुळवून घेतल्या. मोकळ्या तारा छेडल्या की एफ शार्पचा मेजर कॉर्ड वाजायचा. आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर काळी तीनचा सा, त्याचा गंधार आणि पंचम. काळी तीनला सा धरून नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवल्या तर भूपाचे स्वर मिळतात, हे पेटी शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं. मेफील्डच्या गिटारमधला तो निवळ, पाझरत जाणारा गोडवा बराचसा इथून आला आहे. बाकीचे लोक गिटार वेगळी जुळवतात हे त्याला पुढे कळलं, तरी त्याने आपली पद्धत बदलली नाही. त्याची गिटार हातात घेणाऱ्या इतर वादकांची मात्र पंचाईत होत असे.

बटलर, मेफील्ड आणि टेनेसीतल्या चॅटनूगाहून आलेले तिघे गायक मिळून 'इम्प्रेशन्स' हा गट झाला. १९५८ साली 'फॉर युअर प्रेशस लव्ह' गाजलं तेव्हा मेफील्ड सोळा वर्षांचा होता. तबकडी छापून आली, तिच्यावर नाव होतं 'जेरी बटलर अँड द इम्प्रेशन्स'. पाचजणांचं गाणं एकाच्या नावावर गेलं. त्यातून कुरबुर झाली आणि बटलर लवकरच वेगळा झाला. गट बसला. मेफील्ड मग त्याच बटलरच्या मागे गिटार वाजवत गावोगाव हिंडला, त्याच्यासाठी गाणी लिहिली, पैसे साठवले आणि गट पुन्हा उभा करून न्यूयॉर्कला नेला. १९६१ साली तिथे ध्वनिमुद्रित झालेल्या 'जिप्सी वूमन'ने इम्प्रेशन्सना दुसरा जन्म दिला. पुढे गटात तिघेच उरले, मेफील्ड, सॅम गुडन आणि फ्रेड कॅश. तबकडीवर कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही, याचा धडा त्याला सुरुवातीलाच मिळाला होता.

त्या काळात तो 'ओके' या कंपनीसाठी इतरांची गाणीही लिहीत होता. मेजर लान्सचं १९६३ सालचं 'द मंकी टाइम' त्याचंच. निर्माता म्हणून त्याची जडणघडण या खोल्यांत झाली. दुसऱ्याच्या गळ्याचा पल्ला ओळखायचा, त्याला झेपेल पण सोपं वाटणार नाही अशी चाल द्यायची, ब्रास कुठे आणायचा आणि कुठे गप्प बसवायचा हे ठरवायचं. जॉनी पेट हा संयोजक त्याला याच सुमारास मिळाला.

१९६४ साली 'कीप ऑन पुशिंग' आलं. ते मुळात भक्तिगीताच्या वळणाचं. मेफील्डने देवाचं नाव काढलं आणि बळाचा उगम गाणाऱ्यातच ठेवला. एवढ्या फेरफाराने चर्चमधलं गाणं मोर्चात गाता येऊ लागलं. त्याच वर्षी अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला. पुढच्या वर्षीच्या 'पीपल गेट रेडी'त येणारी आगगाडी गॉस्पेलच्या परंपरेतली आहे, आणि गुलामांना गुपचूप उत्तरेकडे पोचवणाऱ्या 'अंडरग्राउंड रेलरोड'ची आठवणही तिच्यात आहे. चळवळीतल्या लोकांनी ते गाणं आपलं केलं. (बॉब डिलनच्या 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम'च्या मुखपृष्ठावरच्या पसाऱ्यात इम्प्रेशन्सची एक तबकडी दिसते. हौशी मंडळींनी शोधावी.) जमैकात बॉब मार्ली आणि त्याचे साथीदार इम्प्रेशन्सची नक्कल करतच गायला शिकले. १९७७ च्या 'एक्सोडस'मध्ये मार्लीच्या 'वन लव्ह'ला मेफील्डचं गाणं जोडलेलं आहे आणि श्रेयात मेफील्डचं नावही आहे.

१९६७ च्या शेवटी 'वी आर अ विनर' आलं तेव्हा काही रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचं नाकारलं. त्यांत शिकागोचं बडं केंद्रही होतं. आज ऐकताना नवल वाटतं, इतका त्याचा सूर प्रसन्न आहे. पण काळ्या माणसाने आपण जिंकतो आहोत असं उघड म्हणणं लोकांना झोंबलं. १९६८ साली थॉमस आणि मेफील्डने 'कर्टम रेकॉर्ड्स' काढली. शिकागोतलं त्या वेळचं वातावरण यात विसरता येत नाही. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ साली घरांच्या प्रश्नावर लढायला याच शहरात आले होते, आणि जेसी जॅक्सन 'ऑपरेशन ब्रेडबास्केट'मधून दुकानदारांना आणि कंपन्यांना विचारत होते की आमच्याकडून पैसे घेता, तर नोकऱ्या आणि कंत्राटं कुणाला देता? मताच्या हक्कानंतरचा हा प्रश्न होता, आणि कर्टम हे संगीतातलं त्याचं उत्तर. अर्थात पूर्ण उत्तर नव्हेच. तबकड्या दुकानांपर्यंत पोचवण्याचं काम 'बुडा' या दुसऱ्याच कंपनीकडे होतं. माल आपला, गाडी लोकांची.

१९७० साली तो गटातून बाहेर पडला आणि 'कर्टिस' हा पहिला स्वतंत्र अल्बम काढला. 'मूव्ह ऑन अप' त्यातलंच. पण त्याची खरी कसोटी लागली ती १९७२ साली, 'सुपर फ्लाय'च्या वेळी. गॉर्डन पार्क्स ज्युनियरच्या या चित्रपटाचा नायक हार्लेममधला कोकेन विकणारा तरुण. शेवटचा एक मोठा सौदा करून त्याला धंद्यातून सुटायचं आहे. पडद्यावर त्याचा लांब कोट, त्याची गाडी, त्याचा रुबाब. चित्रीकरणाचे तुकडे पाहून मेफील्डला ती कोकेनची जाहिरातच वाटली. त्याने चित्रपट सोडला नाही. त्याने गाण्यांतून चित्रपटाशी वाद घातला. फ्रेडी हे कथेतलं दुय्यम पात्र. तो मरतो आणि कथा पुढे सरकते. मेफील्डने मात्र एक अख्खं गाणं त्याला दिलं, कारण असे फ्रेडी शिकागोत त्याने पाहिले होते. 'पुशरमॅन' तर खुद्द विक्रेत्याच्या तोंडचं, गोड आणि अंगावर येणारं. कॅमेरा ज्याच्यावर भाळला आहे त्याची किंमत कोण मोजतं, हे गाणी सांगत राहतात. चित्रपटसंगीताने चित्रपटाच्याच विरोधात इतकी ठाम साक्ष दिल्याची उदाहरणं मला फारशी आठवत नाहीत.

हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत चार आठवडे पहिला होता. 'फ्रेडीज डेड' ऑस्करच्या स्पर्धेत मात्र बसलंच नाही, कारण चित्रपटात त्याची फक्त धून वाजते, शब्द नाहीत.

या यशाला एक कडवट बाजू आहे. अल्बममधल्या दोन वाद्यरचनांमध्ये आपलाही वाटा आहे, असं जॉनी पेटचं म्हणणं होतं. मेफील्डने ते मानलं नाही आणि जोडी फुटली. नावासाठी झगडून वर आलेला माणूस दुसऱ्याच्या नावाबाबत इतका हात आखडता घेतो, हे त्याच्या चाहत्यांना पचत नाही. मलाही पचत नाही. मालकीची शिस्त माणसाला निर्भय करते तशी चिकटही करते, आणि मेफील्डमध्ये दोन्ही होतं.

त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा'ही त्याच वर्षीचा, आणि त्याचा विषय 'सुपर फ्लाय'मधल्यासारखीच, सभ्य शहराने न पाहिलेली वस्ती. कृष्णवर्णीयांचं साहित्य मराठीत वाचलं गेलं, त्यावर लिहिलं गेलं, वाद झडले. त्यांचं संगीत मात्र आपण जवळजवळ ऐकलंच नाही, आणि त्या संगीतामागचा मालकीचा प्रश्न तर मुळीच नाही. वामनदादा कर्डकांची गाणी जयंतीच्या मंडपापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे वाजत आली. त्यातलं किती कवीच्या घरी पोचलं हे आपण कधी विचारलं? भारतात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क करारातूनही कुणाला हिरावून घेता येऊ नये अशी तरतूद २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने झाली. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत लढले. मेफील्डची पब्लिशिंग कंपनी त्याच्या सुमारे अर्धशतक आधीची.

सत्तरच्या दशकाच्या मध्यात त्याने दुसऱ्यांसाठी केलेलं काम मला त्याच्या स्वतःच्या अल्बमइतकंच मोलाचं वाटतं. ग्लॅडिस नाइटसाठी 'क्लॉडीन', स्टेपल सिंगर्ससाठी 'लेट्स डू इट अगेन', अॅरिथा फ्रँकलिनसाठी 'स्पार्कल'. 'लेट्स डू इट अगेन'मधल्या शृंगारिक ओळींनी पॉप्स स्टेपल्स हा चर्चमध्ये मुरलेला बाप अवघडला होता. मेफील्डने त्याची समजूत काढली आणि १९७५ साली ते गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. 'स्पार्कल'ची गाणी पडद्यावर चित्रपटातल्या नट्यांनीच गायली आहेत. अल्बमसाठी अॅरिथाने ती नव्याने गायली आणि 'समथिंग ही कॅन फील' तिचंच होऊन बसलं. स्वतः हळू गाणाऱ्या या माणसाने मोठ्या आवाजाच्या बायकांना पुरेपूर मोकळीक दिली, तरी चाल कुठे सैल पडू दिली नाही.

डिस्को आलं तसा त्याचा सूर हरवला. त्या काळातले अल्बम टाळले तरी चालतील. कर्टमचं कामकाज थांबलं, तो अटलांटाला गेला.

१३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिनच्या विंगेट फील्डवर खुल्या मैदानात त्याचा कार्यक्रम होता. जोराचा वारा सुटला आणि तो रंगमंचावर येत असतानाच दिव्यांचा सांगाडा त्याच्या अंगावर कोसळला. मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. गिटार संपली. १९९६ च्या 'न्यू वर्ल्ड ऑर्डर'साठी तो पाठीवर आडवा पडून गायला, कारण त्या स्थितीतच फुप्फुसांत गाण्यापुरता दम भरता येई. तोही एका वेळी एखाद्या ओळीपुरता, मग त्या ओळी जोडून गाणं पुरं करायचं. अॅरिथा आणि मेव्हिस स्टेपल्स दोघींनी या अल्बममध्ये साथ दिली. २६ डिसेंबर १९९९ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी तो गेला. जुन्या गाण्यांचे तुकडे तोवर हिपहॉपवाले सर्रास वापरू लागले होते. २००५ साली कान्ये वेस्टचं 'टच द स्काय' 'मूव्ह ऑन अप'चा ब्रास उचलूनच बांधलं गेलं, तेही मेफील्डला श्रेय देऊनच.

ज्यांनी त्याला ऐकलेलं नाही त्यांनी 'सुपर फ्लाय'पासून सुरुवात करू नये. न्यूयॉर्कच्या 'बिटर एंड' या छोट्या क्लबमध्ये ध्वनिमुद्रित झालेला 'कर्टिस लाइव्ह' हा १९७१ चा अल्बम आधी लावा. तिथे ब्रास नाही, व्हायोलिनं नाहीत. चार वादक, त्याची गिटार, आणि समोर बसलेल्या माणसांशी गप्पा मारल्यासारखं गाणारा आवाज. 'वी आर अ विनर' म्हणताना मध्येच थांबून तो ते गाणं रेडिओवर वाजू न देणाऱ्यांबद्दलही बोलतो. तेवढा भाग लक्ष देऊन ऐका.