न तुटलेला पट्टा

वस्तू मोडेपर्यंत वापरायची आणि मोडल्यावर तिला दुसरी नोकरी लावून द्यायची, हा आमच्या घराण्याचा मूळ धर्म. आमच्याकडे धोतराची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं आणि पायपुसणं निवृत्त झालं की ते गाडी पुसायच्या कामावर रुजू होतं. अशा घरात वाढलेल्या माणसाला ‘चांगली चालणारी वस्तू काढून टाका’ म्हणणं म्हणजे एकादशीला मटणाचं आमंत्रण देणं.

आमच्या मिस्त्रींनी ते दिलं.

“साहेब, टायमिंग बेल्ट बदलायला झालाय.”

“तुटलाय?”

“नाही.”

“आवाज करतो?”

“करत नाही ना! तीच तर भानगड आहे.”

मग त्यांनी मला इंजिनाचा संसार समजावून सांगितला. तळमजल्यावर पिस्टन वरखाली करतात आणि क्रँकशाफ्ट फिरवतात. माडीवर कॅमशाफ्ट फिरतो आणि झडपा उघडतो-मिटतो. खालचा दोनदा फिरला की वरचा बरोबर एकदा फिरला पाहिजे. हे वेळापत्रक सांभाळतो तो एक दात्यांचा रबरी पट्टा. तो तुटला की माडीवरची मंडळी आहेत तिथे थांबतात, खालची मात्र वेगात असतात. पुष्कळ इंजिनांत मग उघडी राहिलेली झडप आणि वर येणारा पिस्टन एकाच रुळावरच्या दोन गाड्यांसारखे भेटतात. झडपा वाकतात. पट्ट्याच्या कितीतरी पट बिल होतं.

“पण मी गाडी फक्त रविवारी काढतो,” मी म्हटलं.

“उभ्या गाडीतलं रबरही म्हातारं होतं, साहेब.”

म्हणून कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. गाडीगणिक आकडा वेगळा, पण पुष्कळ गाड्यांत साठ हजार ते लाखभर किलोमीटर. यातलं जे आधी भरेल ते खरं. पूर्वी ही कटकट नव्हती. अँबॅसडर आणि पद्मिनी यांच्या पोटात लोखंडी साखळी असे. १९६२ साली जर्मनीत ग्लास नावाच्या, मुळात पेरणीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं आपल्या १००४ या मोटारीत पट्टा बसवला. तो स्वस्त, हलका आणि अबोल. आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आली, ती हाच पट्टा घेऊन. आता पुष्कळ नव्या गाड्यांत पुन्हा साखळी आली आहे. सुना जाऊन सासवा परत आल्यासारखी.

साखळी सैल झाली की खडखडते, आणि खडखडते म्हणून तिची विचारपूस होते. पट्टा बहुधा शेवटच्या क्षणापर्यंत मुकाट्यानं काम करतो. आमच्या ऑफिसात एक हेडक्लार्क होते. कधी रजा नाही, कधी तक्रार नाही. म्हणून त्यांना रजा घ्या असं कुणी कधी म्हटलं नाही. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मात्र पाठ धरून कण्हायचे. त्यांना पंखा मिळाला, गादीची खुर्ची मिळाली. एका सोमवारी हेडक्लार्क आले नाहीत आणि दुपारपर्यंत आमच्या सगळ्या झडपा वाकल्या.

पट्टा बदलला. चाक काढलं, झाकण काढलं, वरच्या आणि खालच्या चक्रावरच्या खुणा जुळवल्या, ताण देणारी पुली सैल केली. नवरदेवाबरोबर करवलीचाही मानपान असतो, तशी ती पुली आणि पाण्याचा पंपही नवा आला. मग चावी न मारता मिस्त्रींनी पान्यानं क्रँक हातानं दोन फेरे फिरवला आणि खुणा पुन्हा पाहिल्या. एक दाता जरी इकडचा तिकडे झाला तरी इंजिनाचा सूर जातो.

जुना पट्टा पिशवीत घालून माझ्या हाती दिला. मी चष्मा लावून तपासला. एक दाता पडलेला नाही, चीर नाही.

“हा अजून किती चालला असता?”

“दहा हजार किलोमीटर. नाहीतर तुमच्या घरापर्यंत,” मिस्त्री म्हणाले.

इथे माझी पंचाईत होते. पट्टा तुटला असता तर मिस्त्री बरोबर, हे सिद्ध झालं असतं. आता काढलाच आहे, तर तो तुटणार कुठून? टळलेल्या संकटाची पावती कुणी देत नाही. खालच्या मजल्यावरचे शेजारी त्याच पट्ट्यावर सव्वा लाख किलोमीटर चालवून मला हसतात. त्यांचा पुरावा रस्त्यावर धावतोय, माझा पिशवीत गुंडाळून पडलाय. वादात पिशवी हरते. तरी मला वाटतं, जो स्वतः बोलत नाही त्याच्या वतीनं वही कुणीतरी दुसऱ्यानं ठेवायला हवी. त्यात चार चांगले पट्टे फुकट गेले तर जावोत.

हे सगळं मी रात्री हिला उत्साहानं सांगितलं. ही पोळ्या लाटत होती. पहाटेच्या दुधापासून रात्रीच्या माझ्या गोळीपर्यंत या घराचं टायमिंग गेली बत्तीस वर्षं हिच्याकडे आहे.

“अहो, माझे किती किलोमीटर झाले?” ही म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात हिच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त, हृदय, हाडं. “मला काय धाड भरलीय?” हे प्रत्येक खोलीबाहेर एकदा ऐकलं. चौथ्या दिवशी रिपोर्ट आले. सगळे उत्तम.

“बघा,” ही बिलावरून बोट फिरवत म्हणाली, “गेले ना पैसे फुकट!”