आधी पाणी तपास, मग औषधाला हात लाव

बारा निऑन टेट्रांपैकी आठ मेले, दोन्ही गुरामी तळाशी पडून आहेत, आणि तू विचारतोस, "बाई, आता आणखी कुठलं औषध घालू?" हा प्रश्न ऐकून मला संताप आला. जीवशास्त्राची पदवी घेतलेला, लायडनच्या बायोसायन्स पार्कमध्ये नोकरी करणारा माणूस तू. तिथे नमुना तपासल्याशिवाय एका कागदावर सही करत नाहीस. घरी मात्र चार दिवसांत तीन औषधं ओतलीस आणि पाण्याची एकही चाचणी केली नाहीस. मासा बोलत नाही, तक्रार करत नाही, म्हणून हे खपेल असं वाटलं का तुला?

तू स्वतःच सांगितलेला घटनाक्रम तुझ्यापुढे ठेवते, नीट वाच. रविवारी टाकी "स्वच्छ" केलीस. फिल्टरचा स्पंज नळाच्या गरम पाण्याखाली पिळून पिळून धुतलास, वाळू उपसून धुतलीस. मंगळवारी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. तू ठरवलंस, कल्ल्यांचा रोग. मॅलाकाइट ग्रीन ओतलंस. बुधवारी टेट्रा मरू लागले, तेव्हा पुण्याहून बॅगेत आणलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकल्यास. गुरुवारी बुरशीचं औषध. या सगळ्यात रोग कुठे दिसला तुला? मला तर रविवारचा स्पंज दिसतो.

त्या स्पंजात घाण नव्हती, त्यात टाकीचा प्राण होता. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. त्याचं नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजाच्या छिद्रांत वसती करतात. नव्या टाकीत ती वसती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. गरम पाण्याने ती तू दहा मिनिटांत मोडलीस. अमोनियाने कल्ले भाजतात, नायट्राइटने रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि कल्ले तपकिरी पडतात. दोन्हीत मासा वर येऊन धापा टाकतो. उरलेसुरले जिवाणू मग टेट्रासायक्लिनने मारलेस. मॅलाकाइट ग्रीन पूर्ण मात्रेत टेट्रांना सोसत नाही, तेही त्यांच्या माथी मारलंस. आणि मात्रा तरी कशी मोजलीस? टाकी 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 35 उंच. काठोकाठ भरली तर 63 लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केलीस तर पाणी 50 लिटरच्या आसपास. तू खोक्यावरचा आकडा वाचून औषध टाकलंस.

"पण पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ होतं," म्हणतोस. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, हे आठवीच्या मुलालाही सांगावं लागत नाही. "पाणी रात्रभर बादलीत ठेवलं होतं," हेही म्हणालास. ही मुंबई-पुण्याची सवय. तिथल्या नळाला क्लोरीन असतं, म्हणून ती तिथे योग्य आहे. नेदरलँड्समध्ये नळाच्या पाण्यात क्लोरीन ठेवत नाहीत. लायडनला येणारं पाणी समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून झिरपून येतं, त्याला क्लोरीन उतरण्याची वाट बघावी लागत नाही. या पाण्याची अडचण दुसरीच आहे आणि तिचा तू विचारही केला नाहीस. त्याचा पीएच 8 च्या वर असतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 झाला की पाच टक्क्यांहून जास्त. म्हणजे तेवढाच अमोनिया इथे दहापट घातक ठरतो. पुण्यात निभावलेली चूक लायडनमध्ये निभावणार नाही. शिवाय जानेवारीत इथल्या नळाचं पाणी हाताला झोंबतं. ते थेट 25 अंशांच्या टाकीत ओतलं की माशांची प्रतिकारशक्ती खचते आणि मग खरोखरचे रोग शिरतात.

तू राहतोस त्या गावाची तरी लाज बाळग. तुझ्या घरापासून सायकलवर थोड्याच अंतरावर बूरहावे संग्रहालय आहे. ते ज्या जुन्या इमारतीत आहे ते सेसिलिया रुग्णालय, आणि अठराव्या शतकात तिथेच हेर्मान बूरहावे विद्यार्थ्यांना रोग्याच्या खाटेपाशी उभं करून शिकवायचे. बारा खाटा होत्या, सहा पुरुषांच्या, सहा बायकांच्या. आधी रोग्याकडे बघायचं, त्याला विचारायचं, नाडी आणि लघवी तपासायची, मगच औषधाचं नाव काढायचं. युरोपभरातून मुलं हे शिकायला लायडनला येत होती. त्याच संग्रहालयात लेवेनहूकचे सूक्ष्मदर्शक ठेवले आहेत. शेजारच्या डेल्फ्टमध्ये बसून 1674 साली त्याने तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्म जीव त्यातून पाहिले. साडेतीनशे वर्षं झाली. तुझ्या प्रयोगशाळेत त्याहून शंभरपट चांगली यंत्रं आहेत आणि तू बाटलीवरचं चित्र बघून रोग ठरवतोस.

आता बघायचं कसं ते सांगते. पहिला प्रश्न, एकच मासा आजारी आहे की सगळे? सगळे एकाच दिवशी आजारी पडले तर संशय पाण्यावर घ्यायचा. संसर्ग सहसा एकदोन माशांपासून सुरू होऊन पसरतो. दुसरा प्रश्न, त्याच्या आधी टाकीत काय बदललं? नवा मासा, नवं रोप, धुतलेला फिल्टर, बंद पडलेला हीटर. मग टाकीसमोर खुर्ची टाकून बस. पर मिटलेले आहेत का, मासा दगडावर अंग घासतो का, श्वास जलद आहे का, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लांब आहे का, हे वहीत लिहून काढ.

अंगावर मिठाच्या कणाएवढे, सुटे सुटे पांढरे ठिपके असतील तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी तो करतो. ठिपका म्हणजे कातडीखाली बसून खाणारा परजीवी, आणि तिथवर औषध पोचत नाही. वाढ पुरी झाली की तो गळून तळाशी जातो, कोश करतो आणि आत शेकडो पिल्लांत विभागतो. ही पिल्लं पाण्यात पोहत नवा मासा शोधतात, तेवढ्याच वेळात औषध त्यांना मारू शकतं. म्हणून ठिपके नाहीसे झाले की उपचार थांबवणारा माणूस दहा दिवसांनी रडत येतो. 25 अंशांना हे चक्र आठवडाभरात पुरं होतं, थंड पाण्यात महिन्याहून जास्त रेंगाळतं. यासाठीच तापमान हळूहळू 28 ते 30 अंशांवर नेतात आणि हवेचा पंप वाढवतात, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. ठिपक्यांऐवजी बारीक सोनेरी धूळ दिसली, तीही टॉर्चचा उजेड तिरपा टाकल्यावर, तर तो वेल्वेट नावाचा वेगळा परजीवी. त्याला टाकीवर अंधार करावा लागतो, कारण त्याला उजेडातून अन्न बनवता येतं.

आणि तोंडाभोवती किंवा पाठीवर पांढरी-करडी लव आली असेल तर हात आवर. तिला सगळे बुरशी म्हणतात. बहुतेक वेळा ती बुरशी नसते, कॉलम्नारिस नावाच्या जिवाणूचा रोग असतो. खरी बुरशी जखमेवर किंवा मेलेल्या कातडीवर धरते आणि तिचे तंतू लांब, मोकळे असतात. कॉलम्नारिस उष्णतेत जोमाने वाढतो. ठिपक्यांचा रोग समजून तू तापमान 30 वर नेलंस आणि रोग कॉलम्नारिस निघाला, तर एका रात्रीत टाकी रिकामी होईल. जो उपाय एका रोगात तारतो तोच दुसऱ्यात मारतो. हे कळत नसेल तर हीटरच्या बटणाला हात लावायचा नाही.

पोट फुगून खवले उभे राहिले की लोक त्याला ड्रॉप्सी म्हणून औषध शोधतात. ते लक्षण आहे. आत मूत्रपिंड निकामी झालेलं असतं आणि बहुतेकदा तोवर उशीर झालेला असतो. ड्वार्फ गुरामीत एक विषाणूही आढळतो, त्यावर कुठलंच औषध नाही. काही मासे वाचत नाहीत, हे स्वीकारायला शीक. पण म्हणून अर्धमेला मासा कालव्यात सोडायचा विचारही मनात आणू नकोस. तुझ्या टाकीतला रोग दुसऱ्याच्या पाण्यात सोडणं हा गुन्हाच आहे.

त्या कॅप्सूलबद्दल मी मुद्दाम शेवटी बोलते आहे. नेदरलँड्समध्ये जनावरांची प्रतिजैविकं पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. हा नियम तुला जाच वाटतो, म्हणून पुण्याच्या दुकानातून चिठ्ठीविना घेऊन आलास. पाण्यातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला बांधून ठेवतं, त्यामुळे ते माशाच्या अंगात धड पोचलंही नसेल. अपुऱ्या मात्रेतून सोकावलेले जिवाणू मात्र तू बादलीतून गटारात ओतलेस. घरात दोन वर्षांचं मूल आहे तुझ्या. त्याच्या कानाला उद्या संसर्ग झाला आणि औषध लागू पडलं नाही, तर तेव्हा कोणाला दोष देशील?

आणि हाताची ती न भरणारी गाठ. फोनवर तिचा उल्लेख सहज केलास, मी मात्र ते विसरलेले नाही. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा क्षयाच्या जिवाणूचा भाऊबंद माशांत असतो आणि चिरलेल्या हातातून माणसात शिरतो. मासे खंगतात, कणा वाकतो. माणसाच्या बोटावर, मनगटावर गाठ येते आणि महिनोन् महिने औषध घ्यावं लागतं. क्षयरोग समजून घेण्यासाठी लायडन विद्यापीठात याच जिवाणूचा अभ्यास झेब्राफिशवर करतात. तो झेब्राफिश आपल्याच नद्यांतला, 1822 मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात हॅमिल्टनने त्याची नोंद केली. तुझ्या हातावरची गाठ तीच आहे असं मी म्हणत नाही. याच आठवड्यात हाउसआर्ट्सकडे, म्हणजे तुझ्या इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जा आणि घरात मासे पाळतो हे आपणहून सांग, ते न सांगितल्याने हा आजार महिनोन् महिने ओळखला जात नाही. तोवर टाकीत हात घालताना हातमोजे घाल, आणि नळी तोंडाने ओढून पाणी काढणं आजपासून बंद.

आता आज काय करायचं ते ऐक. सगळी औषधं बंद. अर्धं पाणी बदल, नवं पाणी टाकीच्याच तापमानाचं हवं. दोन-तीन दिवस अन्न देऊ नकोस. उरलेली औषधं ओढून घ्यायला फिल्टरमध्ये कोळसा घाल. पुढे कधी औषध द्यायची वेळ आली तर तो आधी काढायचा, नाहीतर तो औषधच गिळतो. दुकानातून थेंबांचा चाचणी संच आण, कागदी पट्ट्या नकोत. अमोनिया आणि नायट्राइट रोज मोज, दोन्ही शून्यावर येईपर्यंत रोज पाणी बदल. स्पंज यापुढे टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळायचा. टाकी स्थिरावल्याशिवाय नवा मासा आणायचा नाही, आणि आणलास की तो चार आठवडे वेगळ्या टाकीत राहील. जागा नाही ही सबब मी ऐकणार नाही. ज्याला वेगळी टाकी ठेवायला जागा नाही, त्याच्याकडे नवा मासा ठेवायलाही जागा नाही.

चार टेट्रा आणि दोन गुरामी अजून जिवंत आहेत. संध्याकाळी अमोनिया, नायट्राइट आणि पीएच हे तीन आकडे मला कळव. आकडे हाती नसतील तर औषधाबद्दल मला एक शब्दही विचारू नकोस.