वडा, वाडा आणि शपथ

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी मी साडेपाचला बँकेतून निघालो आणि घरी पोचायला मला सव्वासात झाले. मधल्या वेळात काय घडलं हे फक्त तिघांना ठाऊक होतं. मला, वडेवाल्याला आणि परमेश्वराला. पैकी वडेवाला गिऱ्हाइकाचं नाव विचारत नाही आणि परमेश्वर आमच्या सौ.शी बोलत नाही. (रोज सकाळी अर्धा तास तीच बोलते, तो ऐकतो. माझंही तेच आहे.) तेव्हा बातमी फुटायचा धोका नाही, अशा निर्धास्तपणानं मी चपला काढल्या, फोन टीपॉयवर ठेवला आणि हातपाय धुवायला गेलो.

टॉवेल घेऊन बाहेर येतो तो सौ. टीपॉयपाशी उभी. फोनच्या काचेवर शुद्ध मराठीत अक्षरं उमटली होती : 'तुम्ही नुकतीच अमुक अमुक वडा सेंटरला भेट दिलीत. अनुभव कसा वाटला?' आणि खाली पाच रिकाम्या चांदण्या.

"कसा वाटला अनुभव?" सौ.नं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या चरबीचा आकडा सांगितल्यापासून आमच्या घरात तळण बंद आहे. कढई माळ्यावर गेली आहे. मी म्हणालो, "अगं, ही यंत्रं चुकतात. शेजारच्या दुकानात पेन घ्यायला थांबलो होतो."

"हल्ली पेनाला लसणीच्या चटणीचा वास येतो वाटतं!"

वास्तविक प्रकरण इथेच मिटायचं. पण पकडला गेलेला नवरा नेहमी तत्त्वाकडे वळतो, तसा मी वळलो. म्हणालो, "वड्याचं सोड. माझ्याच खिशातल्या, माझ्याच पैशानं घेतलेल्या यंत्रानं माझ्यावर पाळत ठेवावी? २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलंय, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे!"

"नऊ न्यायाधीश? वड्यासाठी?" सौ. म्हणाली. आणि मग शांतपणे असा एक प्रश्न टाकला की माझी झोप उडाली. "अहो, लपवण्यासारखं काही नसेल तर माणसानं भ्यायचं कशाला?"

आता मी पडलो बी.कॉम. आम्हाला अकाउंटन्सी होती, ऑडिटिंग होतं, नीतिशास्त्र नव्हतं. तेव्हा असल्या प्रश्नांना मी माझ्या खिडकीतूनच भिडतो. बँकेच्या खिडकीत वीसएक वर्षं बसून मी एक गोष्ट पाहिली आहे. पाच लाख काढणारा माणूस स्लिप भरताना डावा हात आडवा धरतो, हे समजू शकतं. पण पाचशे काढणाराही धरतो. पेन्शनीचे पैसे काढायला आलेल्या आजीसुद्धा पासबुक पदराआड धरूनच वाचतात. त्यांनी काय कुठे दरोडा घातलाय? लपवण्यासारखं त्यात काही नसतं. पण ते त्यांचं असतं. लपवणं वेगळं आणि आपल्यापाशी ठेवणं वेगळं. वड्याच्या बाबतीत मी पहिल्या प्रकारात मोडत होतो हे कबूल, पण म्हणून दुसरा प्रकार खोटा ठरत नाही.

रविवारी मी भाच्याला बोलावलं. तो कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणजे नक्की काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण पगार चांगला आहे.

"मामा, तुला वाटतं तसा उपग्रह तुझ्याकडे बघत नसतो," तो म्हणाला. "जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर वर फिरतात आणि नुसता संदेश सोडत राहतात, मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत. तुझा फोन असे निदान चार उपग्रह ऐकतो आणि आपण कुठे आहोत त्याचं गणित मांडतो. उपग्रहाला तुझा पत्ताही नसतो."

"मग चहाडी करतो कोण?"

"फोनमध्ये तूच घेतलेली बिऱ्हाडं."

एकेका अॅपला मी काय काय परवानगी देऊन बसलोय, हे त्यानं मला दाखवलं. माझ्या खिडकीत पाचशे रुपयांच्या स्लिपवर सही जुळत नसेल तर मी ती परत करतो. आणि इथे मी न वाचता बावीस ठिकाणी 'मान्य आहे' म्हटलं होतं! त्यात एक अॅप विजेरीचं होतं. विजेरीनं उजेड पाडावा, तिला माझा ठावठिकाणा कशाला? तर २०१३ साली अमेरिकेत एका विजेरीच्या अॅपवर सरकारनं याच कारणासाठी कारवाई केली होती. लोक अंधारात किल्ली शोधत होते आणि विजेरी त्यांचा ठिकाणा जाहिरातवाल्यांना पोचवत होती. दुसरी गोष्ट २०१८ ची. नोंद ठेवण्याचं बटण बंद केलं तरी गूगल काही मार्गांनी ठिकाण साठवत होतं असं उघडकीला आलं, आणि २०२२ मध्ये त्या कंपनीनं अमेरिकेतल्या चाळीस राज्यांशी एकोणचाळीस कोटी पंधरा लाख डॉलरवर तडजोड केली. आकडा मी दोनदा लिहून पाहिला. सवय.

"पण त्यात माझं नाव कुठे असतं? नुसता ठिपकाच ना?" मी शेवटचा बचाव केला.

"२०१३ मध्ये संशोधकांनी पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदी तपासल्या, मामा. नावं काढून टाकलेली. माणूस कोणत्या वेळी कुठे होता, अशी नुसती चार ठिकाणं कळली की शंभरातले पंचाण्णव जण गर्दीतून वेगळे काढता येतात. चार!"

मी बोटं मोजली. घर, बँक, भाजीबाजार, वडा सेंटर. संपलो की मी!

मग आम्ही साफसफाईला बसलो. 'नेहमी'च्या जागी 'फक्त वापरात असताना' केलं. हवामानाच्या अॅपला नेमक्या ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण दिलं. पाऊस काही फक्त आमच्या गॅलरीत पडत नाही. जीपीएस बंद असलं तरी आसपासच्या वायफाय आणि ब्लूटूथवरून फोनला जागा हुंगता येते, ते हुंगणं बंद केलं. जाहिरातींसाठी दिलेला नंबर पुसला. एक मात्र जमलं नाही. फोन चालू आहे तोवर त्याला जवळच्या टॉवरशी बोलावंच लागतं, म्हणजे तो कोणत्या परिसरात आहे हे फोनच्या कंपनीला कळतंच. "ते नको असेल तर फोन घरी ठेवून जा," भाचा म्हणाला. वडे खायला जाताना तसं करता येईल, हे मी मनातल्या मनात टिपून ठेवलं.

शेवटी राहिली जुनी नोंद. पुसण्याआधी सहज उघडली. तीन वर्षं दिवसवार मांडलेली. घर, बँक, घर. घर, बँक, घर. एवढी यंत्रसामग्री माझ्या मागे लावून कुणाच्या हाती काय लागलं, याची मला त्यांच्याच वतीनं लाज वाटली. आणि मग ते अकरा दिवस आले. घर, हॉस्पिटल, घर, हॉस्पिटल. अकराव्या दिवशी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटल. त्यापुढे वैकुंठ. वडिलांचे ते शेवटचे दिवस मी कुणाला सांगितले नव्हते असं नाही. पण ते असे कुणासाठी मांडून ठेवले नव्हते. त्यात लपवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. भाचा काही न बोलता पाणी प्यायला उठला. मी पुसून टाकलं.

लोक म्हणतात, खासगीपणाचं हे खूळ नवं आहे, पूर्वी वाड्यात कुठे काय लपत होतं? खरं आहे. माझं बालपण सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यात गेलं. सहा बिऱ्हाडं, एक नळ आणि ओसरीवर माई. कुणाकडे किती दूध येतं, कुणाची मनीऑर्डर आली, गणितात कुणाला किती मार्क पडले, सगळं माईंना ठाऊक. पण माई आम्हाला बघायच्या तशा आम्हालाही माई दिसायच्या. आंबे पाडायला जायचं तर त्या जपाला बसल्या की निघायचं, एवढी सोय होती. फोन आपल्याला दिसतो, फोनमधून बघणारा दिसत नाही. तो जपाला कधी बसतो, तेही कळत नाही.

आणि माईंची दुसरी एक गोष्ट. कोपऱ्यातल्या खोलीतले काका रोज डबा घेऊन कामावर जात. मध्यंतरी त्यांची नोकरी सुटली. घरी सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तीन महिने ते डबा घेऊन निघायचे, कृष्णेच्या घाटावर बसायचे आणि संध्याकाळी वेळेवर परत यायचे. माईंनी त्यांना पाहिलं होतं. आमच्या वाड्यात कुणाची भाजी करपली तर बातमी पेठेत जायची, पण हे कुणाच्या कानावर गेलं नाही. पुढे काकांना दुसरी नोकरी लागली, त्यांनी पेढे वाटले. माई पेढा घेऊन एवढंच म्हणाल्या, "बरं झालं हो. आता दिवसभर ऊन लागायचं नाही." हे काकांनीच फार वर्षांनी आम्हाला सांगितलं.

त्या काकांच्या खिशात माझा फोन असता तर? संध्याकाळी बायकोसमोर काच उजळली असती : 'तुम्ही नुकतीच कृष्णा घाटाला भेट दिलीत. अनुभव कसा वाटला?'

माईंना जे उपजत होतं, ते आम्हा बँकवाल्यांकडून लिहून घेतात. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातच कलम आहे. नोकरीवर रुजू होण्याआधी निष्ठेच्या आणि गुप्ततेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. मीही केली. परीक्षेला आम्हाला १९२४ सालचा टूर्नियरचा इंग्लंडमधला खटला होता. टूर्नियर नावाच्या खातेदाराकडे बँकेचे नऊ पौंड आणि काही शिलिंग थकले होते. त्याचा पत्ता विचारायला मॅनेजरनं त्याच्या मालकाला फोन केला आणि बोलता बोलता, हा गृहस्थ पैजा लावत असावा, असंही सांगून टाकलं. टूर्नियरची नोकरी गेली. कोर्टानं निकाल दिला, की खातेदाराची माहिती बाहेर न सांगणं हे बँकेचं कर्तव्य आहे, अपवाद मोजके. चहाडी तेव्हाही फोनवरूनच झाली होती, याकडे मी वाचकांचं लक्ष वेधतो.

तेव्हा माझ्या खिडकीतून मला जे दिसलं ते असं, की दुसऱ्याचं काही माहीत असणं हे पाप नाही. मला अर्ध्या पेठेची शिल्लक माहीत आहे. पण माहितीबरोबर एक ओझं येतं. जो ते ओझं उचलतो तो माई होतो आणि जो नुसती माहिती उचलतो तो विजेरी.

इतकं सुरेख तत्त्व हाती लागल्यावर माणसानं झोपावं. पण सगळं बंद केलं तरी माझ्या फोनमध्ये एक ठिपका मी चालू ठेवला होता. आमच्या कन्येचा. ती कॉलेजात गेली तेव्हा, काळजी म्हणून, तिचं ठिकाण माझ्या फोनवर दिसेल अशी व्यवस्था मी करून घेतली होती. बरोबरीच्या नात्यानं माझंही तिला दिसेल असं ठेवलं होतं. बापाचं कोण बघत बसतंय!

त्याच आठवड्यात गुरुवारी मी ठिपका पाहिला. क्लास कर्वे रोडला आणि ठिपका पर्वतीच्या पायथ्याशी. दोन तास जागचा हलला नाही. रात्री पानावर मी अगदी सहज, आमटी वाढून घेता घेता विचारलं, "क्लास कसा झाला गं?"

"बरा झाला," ती म्हणाली.

घास घशात अडकला तो तिच्या खोट्यामुळे नव्हे. उत्तर ठाऊक असताना मी प्रश्न विचारला होता. पहिलं खोटं तर मीच बोललो होतो, तिनं फक्त जोड दिली. वडा सेंटरच्या चांदण्या आणि माझा 'सहज' प्रश्न यांत फरक काय होता? तिथे निदान विचारणारं यंत्र होतं.

जेवणं झाल्यावर मी तिला गॅलरीत बोलावलं. म्हणालो, "मी तुझा ठिपका पाहिला. पाहिल्यावर विचारायला नको होतं, विचारायचं तर आधी सांगायला हवं होतं. आता हे बंद करतो. उशीर होणार असेल तर फोन कर, एवढंच." आणि तिच्या समोर बंद केलं.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, तुझा ठिपका मला दोन वर्षं दिसतोय. मंगळवार आणि शुक्रवार, सहाच्या सुमाराला, वडा सेंटर."

मी कठड्याला धरलं. "आईला...?"

"नाही सांगितलं. काळजी वाटायची, म्हणून शनिवारी तुला जबरदस्तीनं टेकडीवर न्यायचे."

मला वाटत होतं, तिला टेकडी आवडते.

कसल्याही कागदावर सही न करता या पोरीनं दोन वर्षं ओझं सांभाळलं होतं. त्यानंतर मी मंगळवारचा वडा सोडला. शुक्रवारचाही सोडीन. सौ.ला सगळं सांगून टाकलं. "मला माहीत होतं," ती म्हणाली. कसं, ते मी विचारलं नाही.

आता वाचकांच्या मनातला प्रश्न. गुरुवारी कन्या पर्वतीच्या पायथ्याशी काय करत होती? तिनं त्याच रात्री गॅलरीत मला आपण होऊन सांगितलं. सगळं.

पण ते इथे लिहिता यायचं नाही. मी सही केलेली आहे.